दीड अंशाची अफरातफर

सरकारनं एकदा ठरवलं की रयतेचं ज्ञान मोजायचं. जमीन मोजून झाली होती, विहिरी मोजून झाल्या होत्या, शिवारातल्या शिंदीच्या झाडांवरसुद्धा नंबर पडले होते. मोजायचं म्हणून ज्ञानच तेवढं शिल्लक राहिलं होतं, आणि एवढी मोठी जिन्नस मोजल्याशिवाय गावोगाव मोकळी हिंडते ही गोष्ट काही बरी नव्हती.

ही निजामी अमलातली, सन एकोणीसशे एक्केचाळीसची हकिकत. राजधानीतल्या एका कॉलेजानं हिंगोलीला विज्ञानाचा प्रवेशवर्ग काढला. सहा महिन्यांचा. मॅट्रिक झालेल्यांनी त्यात बसायचं, विज्ञानाची तोंडओळख करून घ्यायची आणि मग पुढं कॉलेजात जायचं की घरी जायचं ते ठरवायचं. पुनमचंद शेठनं वर्गासाठी सरकीची वखार दिली, मास्तर म्हणून तातेरावांची नेमणूक झाली, आणि वर्गाचा उपयोग होतो की नाही हे मोजायला परभणीत 'पैमाइश-ए-इल्म' नावाची नवी कचेरी उघडली. पैमाइश म्हणजे मोजणी आणि इल्म म्हणजे ज्ञान. शिकवायला एक माणूस होता, मोजायला नऊ होते.

तातेराव बी.एस्सी. झालेले. पण बी.एस्सी. होऊन चौदा वर्षं ते कळमनुरीकडच्या एका खेड्यात पहिलीच्या लेकरांना 'ग गवताचा' शिकवत होते. गवत शिकवून शिकवून बिचाऱ्याला हिरवळ दिसली तरी मळमळायचं. तेव्हा ही नेमणूक आली आणि त्यांनी बायकोला, नर्मदाबाईला, आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' म्हणून हाक मारली, इतके ते हरखले होते.

हुकमात एक अट होती. वर्ग सुरू होण्याआधी विद्यार्थ्यांची दहा प्रश्नांची परीक्षा घ्यायची. वर्ग संपल्यावर तीच परीक्षा, तेच दहा प्रश्न, पुन्हा. ज्ञान वाढलेलं दिसलं तर वर्ग कायम आणि तातेरावही कायम. न वाढलं तर वर्गाला कुलूप आणि तातेराव परत गवतात. तातेरावांना अट अगदी रास्त वाटली. आपण सहा महिने शिकवल्यावर ज्ञान वाढणार नाही तर काय कमी होणार, असं ते म्हणाले.

जून महिन्यात पहिली परीक्षा झाली. कचेरी नवी असल्यामुळं तिचे स्वतःचे कागद अजून छापून आले नव्हते. म्हणून तिनं अदालतीतून एक गठ्ठा मागवला. त्या कागदांवर वरच्या बाजूला 'गवाहाचं बयान', म्हणजे साक्षीदाराची जबानी, असं छापलेलं होतं. ते एका रेघेनं खोडून खाली 'विद्यार्थ्याचं ज्ञान' असा जांभळा शिक्का मारला. बाकी मजकूर तसाच ठेवला. नाव, बापाचं नाव, गाव, वय, आणि 'खालील हकिकत मी शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाशिवाय, खरी म्हणून लिहून देत आहे.' सही येत नसल्यास अंगठा. विज्ञानाच्या परीक्षेला हे सगळं लागूच होतं, त्यामुळं बदल करण्याचं कारण कुणाला दिसलं नाही.

सतरा विद्यार्थ्यांनी कागद हातात घेतला, वरून खाली वाचला, आणि सतराही जण पिठासारखे पांढरे पडले. मग मान खाली घालून त्यांनी लिहायला सुरुवात केली.

तातेरावांनी उत्तरं वाचली. पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढतो, या प्रश्नाला गोरेगावच्या एकानं लिहिलं होतं, 'सदर वस्तूस कोणी ढकलले ते मी पाहिले नाही.' लोखंड का गंजतं याला उत्तर होतं, 'लोखंड आमचे नाही. ज्याचे असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावे.' बर्फ पाण्यावर का तरंगतो? 'आमच्या शिवारात बर्फ नाही. शेजारच्या गावच्या हद्दीत असल्यास माहीत नाही.' चंद्राला ग्रहण कशानं लागतं, याला हट्टा गावच्या संतरामनं लिहिलं, 'चंद्राबरोबर आमची अदावत नाही व दोस्तीही नाही. त्या वेळी मी बाजारात होतो.' पाणी किती अंशाला उकळतं, या पहिल्याच प्रश्नाला बहुतेकांनी फक्त 'माहीत नाही' असं लिहून खाली दोनदा सही केली होती.

तातेराव आधी पोट धरून हसले. मग त्यांनी बेरीज केली. सतरा जणांना मिळून शून्य मार्क होते.

कचेरीचे साहेब हरिचंद स्वतः हिंगोलीला आले आणि ते शून्य पाहून बेहद्द खूष झाले. माणूस शिस्तीचा होता. विज्ञान त्यांचा विषय नव्हता, मोजणी हा होता. "मास्टरजी, जमीन एकदम साफ है," ते म्हणाले. "अब जो उगेगा, सब आपका." तातेरावांनाही ते पटलं. शून्याच्या खाली जायला जागाच नव्हती, तेव्हा काहीही झालं तरी वरच जायचं होतं.

आणि वर्ग खरोखर असा रंगला म्हणून सांगू. सरकीच्या त्या वखारीत सतरा दांडगे बाप्ये भिंगं, तराजू आणि काचेच्या नळ्या घेऊन लेकरांसारखे नादावले. चिंचेनं तांबं का चकाकतं, मोटेचं चाक मोठं केलं तर बैलाची तकलीफ कमी होते का, आकाशवीज आधी दिसते आणि मग ऐकू का येते, असले प्रश्न विचारून विचारून त्यांनी तातेरावांना घाम फोडला. संतरामनं तर चेंडू, लिंबू आणि कंदील घेऊन ग्रहण असं समजावून सांगितलं की तातेरावांनी पुढच्या तासाला तेच आपलं म्हणून सांगितलं.

पण सगळ्यांत पुढं होता पुसेगावचा सोनाजी. मेंढरं राखणाऱ्या घरातला, चोवीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेला. त्याच्या हाती थर्मामीटर लागलं आणि त्याला दुसरं काही सुचेना. सुट्टीत तो ते घरी घेऊन गेला आणि आपल्या ऐंशी मेंढरांचा ताप एकेक करून पाहून आला. कोणतं मेंढरू उद्या आजारी पडणार हे तो आज सांगायला लागला. गावातले लोक आधी हसले, मग आपापली मेंढरं घेऊन त्याच्या दारात उभे राहिले.

एक दिवस तो वर्गात येऊन म्हणाला, "मास्तर, पुस्तकात शंभर लिवलंय. आमच्या गावचं पानी साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळून राहिलंय. तीनदा पाहिलं."

तातेरावांनी त्याला आधी थर्मामीटर नीट धर म्हणून दटावलं. मग वखारीतच स्टोव्ह पेटवून स्वतः पाहिलं. साडेअठ्ठ्याण्णव. पुस्तकं उलटीपालटी केली तेव्हा कुठंतरी बारीक अक्षरात सापडलं की शंभर ही गोष्ट समुद्रकाठची. जसं उंचावर जावं तसं हवेचं ओझं कमी होतं आणि पाणी लवकर उकळतं. आपला मुलूख समुद्रापासून दीड हजार फूट वर. सोनाजीनं आपल्या बोटांनी दीड अंश शोधून काढला होता. त्या दिवशी तातेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षांत असा एक विद्यार्थी मिळाला असता तरी गवत गोड लागलं असतं, असं त्यांना वाटलं.

डिसेंबरात दुसरी परीक्षा झाली. तोच गठ्ठा, तोच शिक्का, तेच दहा प्रश्न. तातेराव वखारीच्या दारात शीळ घालत उभे होते. तासाभरानं कागद हातात आले. लोखंड आमचे नाही. वस्तूस कोणी ढकलले ते पाहिले नाही. चंद्राशी अदावत नाही. अक्षर मात्र सहा महिन्यांत पुष्कळ सुधारलं होतं.

तातेरावांनी कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. सोनाजीला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं तर तो नुसता पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. तेव्हा तातेरावांनी बैलगाडी केली आणि तडक पुसेगाव गाठलं. सोनाजीची आई सत्यभामाबाई मेंढरांना पाणी पाजत होती. तिनं पाहुण्याला घोंगडी टाकली, ताक दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, याच्या बापानं येकदा सरकारी कागदावर 'ठावं हाय' म्हणून लिवून देल्लं," ती म्हणाली. "कोनाचा तरी मेंढा चोरीला गेल्ता. त्यानं नुस्तं वळखला. चोर सुटला, मेंढा मेला, मेंढ्याचा मालक मेला. याचा बाप अकरा साल पेशीला जाऊन राहिला परभनीला. त्या छापील कागदावर आमच्या घरात कोनालाच काई ठावं नसतंय."

मग उलगडा झाला. पोरांना सगळं येत होतं. फक्त त्या कागदावर येत नव्हतं. सोनाजीच्या बापाची, एकट्या मसाजीची, गोष्ट नव्हती ती. प्रत्येक घरात कुणीतरी कधीतरी 'मला माहीत आहे' म्हणाला होता आणि मग त्याची बाजरी शेतात उभी असताना तो पेशीच्या तारखेला अदालतीच्या व्हरांड्यात उभा राहिला होता.

तातेरावांनी कचेरीला लिहिलं की परीक्षा कोऱ्या कागदावर घ्यावी. उत्तर आलं की कोऱ्या कागदावरचं ज्ञान सरकार मानत नाही. त्यांनी तोंडी परीक्षा सुचवली. उत्तर आलं की तोंडी उत्तरं लिहून घ्यावी लागतील आणि ती त्याच छापील कागदावर घ्यावी लागतील. फेरपरीक्षा मात्र मंजूर झाली, तीही शेवटची म्हणून.

तातेराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली, आणि ती विचारायला ते कचेरीत न जाता सत्यभामाबाईकडे गेले, कारण कायदा तिला जास्त कळत होता. 'मला माहीत आहे' असं लिहायचंच नाही. 'लोक म्हणतात' असं लिहायचं. लोक म्हणतात की लोखंड हवेनं आणि पाण्यानं गंजतं. लोक म्हणतात की चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. म्हणणारे लोक, आपण फक्त कानांनी ऐकलं. सत्यभामाबाईनं बराच वेळ विचार केला आणि यात पेशी लागत न्हाई, असा निकाल दिला. सतरा घरांनी तो मान्य केला.

फेरपरीक्षा घ्यायला हरिचंद साहेब जातीनं आले. सतरा जणांनी भराभरा लिहिलं. दहाच्या दहा उत्तरं बरोबर. तातेरावांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच साहेबांनी कागद बाजूला सारले.

"ये तो सब सुनीसुनाई है," ते म्हणाले. ऐकीव गोष्ट पुराव्यात धरता येत नाही, हे त्या कागदाच्या पाठीमागंच बारीक अक्षरात छापलेलं होतं. एकूण मार्क शून्य.

शून्य नाही म्हणा. एक मार्क निघाला. सोनाजीनं पहिल्या प्रश्नाला आधी 'लोक म्हणतात शंभर' असं लिहिलं होतं. मग ते त्याला सोसवलं नसावं. त्यानं ते खोडून लिहिलं होतं, 'लोकांनी पाहिलेलं नाही. मी स्वतः तीनदा पाहिलं. साडेअठ्ठ्याण्णव अंश.' आणि खाली पूर्ण नावानिशी सही. साहेबांनी आकडा वाचलाच नाही. 'मी स्वतः पाहिलं' एवढं वाचलं आणि प्रत्यक्ष पाहणारा माणूस म्हणून पूर्ण मार्क देऊन टाकला.

कागद परभणीला गेले. आता वाढ काढायची रीत अशी ठरली होती की नंतरच्या ज्ञानाला आधीच्या ज्ञानानं भागायचं. सोळा जणांचं नंतरचं शून्य, आधीचं शून्य. गणिताच्या कारकुनानं शांतपणे भागाकार केला. कोणत्याही आकड्याला त्याच आकड्यानं भागलं की एक येतो, हे त्याला शाळेपासून पाठ होतं. एक म्हणजे पूर्ण. पूर्ण म्हणजे शंभर टक्के. सोळा विद्यार्थ्यांचं ज्ञान शंभर टक्के सिद्ध झालं. एवढा निकाल कचेरीनं स्वप्नातही धरला नव्हता. पेढे वाटले गेले.

घोडं अडलं ते सतराव्यापाशी. त्याच्या एकाला शून्यानं भागायचं होतं आणि ते काही केल्या भागेना. कारकुनानं रात्रीचा दिवस केला, दोन दौती संपवल्या, आणि शेवटी कंटाळून मूळ कागद मागवून वाचला. तेव्हा ती गंभीर गोष्ट उघडकीला आली. सरकारी पुस्तकात पाणी उकळण्यासाठी शंभर अंश मंजूर होते. पुसेगावात प्रत्यक्ष खर्ची पडले साडेअठ्ठ्याण्णव. मधले दीड अंश गेले कुठं?

आठवड्याभरात समन्स निघालं. सोनाजी वल्द मसाजी यानं दीड अंशाच्या अफरातफरीबाबत हजर राहून हकिकत सांगावी. सोबत भांडं, स्टोव्ह, थर्मामीटर आणि ते पाणी आणावं. चौकशी पुरी होईपर्यंत वर्गाचा आणि मास्तरचा निकाल तहकूब.

सत्यभामाबाईनं कागद पाहिला आणि मेंढरांत जाऊन बसली ती उठेना. सोनाजी मात्र हरखून गेला होता. सरकारला पाण्याविषयी जाणून घ्यायचं आहे, असा त्या भल्या माणसाचा समज झाला. त्यानं स्टोव्ह घासूनपुसून पोत्यात बांधला, विहिरीचं पाणी घागरीत भरलं आणि हिंगोलीहून आगगाडीनं परभणी गाठली. पहिल्या पेशीला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या पेशीला साहेब होते, पण कचेरीत स्टोव्ह पेटवायची मनाई होती आणि घागरीतलं पाणी ते तेच कशावरून, हा मुद्दा निघाला. तिकडं गावात त्याची मेंढरं खोकत होती आणि ताप पाहणारा माणूस परभणीच्या फलाटावर झोपत होता. तिसऱ्या पेशीला तातेरावांनाही बोलावणं आलं.

कचेरीसमोरच्या लिंबाखाली स्टोव्ह पेटला. नऊच्या नऊ माणसं भोवती गोळा झाली. पाणी खदखदायला लागलं, सोनाजीनं थर्मामीटर सोडलं आणि पारा चढत चढत साडेअठ्ठ्याण्णववर येऊन ठाम बसला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. हरिचंद साहेबांनीही पाहिलं. मग त्यांनी एकेकाला विचारलं, तेव्हा आठही जण म्हणाले की वाफेमुळं नीटसं दिसलं नाही. साहेबांनी विचार करून सांगितलं की थर्मामीटर सरकारी, पुस्तकही सरकारी. दोहोंत तफावत असेल तर तिसरा कुणीतरी खोटं बोलतो आहे. सोनाजीच्या बाजूनं आणखी एक तरी गवाह हवा, नाहीतर त्यानं शंभर म्हणून लिहून द्यावं.

सोनाजीनं वळून पाहिलं. "मास्तर, तुमी तर वखारीत सोता पाहिलं व्हतं. सांगा की यायला."

तातेरावांनी तोंड उघडलं. हवेचं ओझं, दीड हजार फूट, बारीक अक्षरातलं ते वाक्य, सगळं त्यांच्या ओठावर होतं. एका कारकुनानं तोच छापील कागद त्यांच्यासमोर धरला, नाव लिहायची जागा बोटानं दाखवली. तातेरावांना वर्ग दिसला, कायमची नेमणूक दिसली, 'अहो' ऐकून लाजलेली नर्मदाबाई दिसली, आणि त्या सगळ्याच्या मागं क्षितिजापर्यंत पसरलेलं हिरवंगार गवत दिसलं.

"माझ्या चष्म्यावर वाफ बसली होती," ते म्हणाले.

सोनाजीनं स्टोव्ह विझवला, पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलं, थर्मामीटर पुसून साहेबांच्या हातात दिलं. "आना कागद," तो म्हणाला. शंभर असं लिहून त्यानं सही केली आणि दुपारच्या गाडीनं तो मेंढरांकडे निघून गेला. पुन्हा वर्गात आला नाही. तातेरावांना स्वतःची लाज वाटली, खरंच वाटली. दोन रात्री त्यांना झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी कायमच्या नेमणुकीचा हुकूम आला.

दीड अंश वसूल झाल्याची नोंद होऊन चौकशी बंद झाली. 'मी स्वतः पाहिलं' हे खोटं ठरून तो एक मार्क रद्द झाल्यानं सोनाजीचाही भागाकार सुरळीत झाला आणि सतराच्या सतरा विद्यार्थी शंभर टक्के निघाले. असा निकाल कुठल्याच वर्गाचा लागला नव्हता, म्हणून तीच परीक्षा, तेच प्रश्न आणि तीच मोजणीची रीत सगळ्या शाळाकॉलेजांना लावावी अशी शिफारस झाली. पुढं निजाम गेला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, कागद नवे छापले गेले. पहिला प्रश्न तेवढा अजून चालू आहे.

तुम्हालाही तो आला होता. तुम्ही शंभर लिहिलंत आणि मार्क खिशात घातलात. आणि आता इतका वेळ तातेरावांना हसलात. आपल्या घरच्या भांड्यात थर्मामीटर सोडून तुम्ही एकदा तरी पाहिलं होतं का?